वरची हजेरी

छप्पन सालच्या जानेवारीतली गोष्ट. दुपारचे दोन वाजले होते आणि बकुळा नवऱ्यासाठी पेज घेऊन इस्पितळात निघाली होती. एका हातात पेजेचा डबा, दुसऱ्या काखेत काळी छत्री. कोरड्या ठणठणीत उन्हात, भर जानेवारीत ही छत्री बघून चाळीच्या जिन्यावर बसलेल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. बकुळानं ते पाहिलं नाही, पण तिला कळलं. तिची नजर कायम जमिनीवर असायची. परळच्या अर्ध्या लोकांना ती चेहऱ्यावरून ओळखतच नव्हती, चपलांवरून ओळखायची. कोणाची टाच कुठल्या बाजूनं झिजली आहे, कोण पाय ओढत चालतो, हे तिला पाठ होतं.

बकुळाला उंच छताची भीती वाटायची. हसू नका. तिला हसणारे तिच्या आयुष्यात भरपूर होऊन गेले, त्यात आपली भर नको. उंच छताखाली पाऊल टाकलं की तिच्या टाळूला मुंग्या येत. जमिनीनं आपल्याला सोडून दिलं आहे, आता आपण उलटे होऊन त्या वरच्या पोकळीत पडणार, अशी पोटातून खात्री वाटे. मान वर करणं तर दूरच. सख्ख्या बहिणीचं लग्न गिरगावातल्या मोठ्या हॉलमध्ये लागलं, तेव्हा ही बाई अक्षता मुठीत घेऊन आचाऱ्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून राहिली होती. बोरीबंदरच्या स्टेशनात ती एकदाच गेली आणि पदर डोळ्यांवर ओढून नवऱ्याच्या मनगटाला धरून बाहेर आली. चाळीतली तिची खोली मात्र तिला आवडे. खोलीला पोटमाळा होता, हात वर केला की लाकूड हाताला लागे.

यावर उपाय झाले नाहीत असं नाही. दिरानं गावाहून ताईत आणला. प्रभादेवीच्या एका देवऋष्यानं लिंबू उतरवून दिलं. आणि प्रत्येकानं एकच प्रश्न विचारला, लहानपणी तुझ्या डोक्यावर काही पडलं होतं का? काही पडलं नव्हतं. या प्रश्नानं बकुळाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सापाला भिणाऱ्याला कोणी विचारतं का, की बाबा तुला किती वेळा चावला? मग हिलाच कारण का दाखवावं लागावं? गिरणीत ती वाइंडिंग खात्यात होती, म्हणजे बॉबिनवर सूत भरायच्या कामाला. ते खातं तळमजल्यावर, छत बुटकं, म्हणून बारा वर्षं निभावलं. कोणाला त्रास नाही, कोणाचं काही अडलं नाही. तरी लोकांना तिची भीती म्हणजे नखरेच वाटत.

आता चार दिवसांपूर्वी गोळीबार झाला होता. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं दिल्लीनं सांगितलं आणि लालबाग-परळ पेटलं. राजारामचं, म्हणजे बकुळाच्या नवऱ्याचं, मत सगळ्या गिरणगावाचं होतं तेच होतं. पण त्या संध्याकाळी तो घोषणा देत नव्हता की दगड मारत नव्हता. चाळीचं लोखंडी दार ओढून घ्यायला तो खाली उतरला होता. दार अर्धं लागलं होतं, तेवढ्यात मांडीतून गोळी आरपार गेली. हाड वाचलं, पण जखम चिघळली आणि ताप चढला. दार लावणाऱ्या माणसाला गोळी कशी लागते, एवढं कोणीतरी मला समजावून सांगा, असं बकुळा चार दिवस भेटेल त्याला म्हणत होती. कोणी समजावलं नाही. गिरण्या संपामुळे बंद होत्या, कर्फ्यू होता, आणि दुपारी दोन ते चार एवढाच वेळ रस्त्यावर यायची मुभा होती.

तो वॉर्ड साहेबाच्या काळात बांधलेला. एवढ्या उंच छताची माणसाला गरजच काय, हे त्या साहेबालाच माहीत. पंख्यांच्या दांड्या दोन पुरुष लांब होत्या, तरी पंखे वरच राहिले होते. बकुळा दारात थांबली, डोळे फरशीवर रोवले, छत्री उघडली आणि तशीच, फरशीचे चौकोन मोजत, नवऱ्याच्या खाटेपाशी जाऊन स्टुलावर बसली. वॉर्डात वीस खाटा. बहुतेक सगळे गिरणीतलेच, बरेचसे गोळीबारातले.

मीनाक्षी सिस्टर झपाझप आली. पांढरे बूट, डाव्याची नाडी सैल.

"बाई, छत्री मिटा. वॉर्ड आहे हा."

"माझी कोणाला अडचण नाय, सिस्टर."

"छत गळत नाही इथलं."

"ठाऊक आहे. डोक्यावर कायतरी जवळ हवं माझ्या. नायतर मला बसवत नाय."

सिस्टर काही बोलणार, एवढ्यात एक तरुण डॉक्टर चार विद्यार्थी मागे घेऊन आला. त्यानं सगळं ऐकलं आणि त्याला फार मजा वाटली. याला फोबिया म्हणतात, असं त्यानं विद्यार्थ्यांना सांगितलं. उपाय सोपा असतो, म्हणाला, ज्याची भीती त्याच्याकडे एकदा बघायचं. आणि बकुळाला काही कळायच्या आत त्यानं तिच्या हातातून छत्री काढून घेतली, दोन बोटं तिच्या हनुवटीखाली घातली आणि मान वर उचलली.

"बघा. काय आहे वर? नुसता चुना."

परक्या बाईच्या हनुवटीला हात घालायचा आणि त्याला औषध म्हणायचं. राजाराम खाटेवरून उठायची धडपड करत होता, त्याला उठवत नव्हतं. बकुळानं डोळे घट्ट मिटून घेतले होते. तिला ओरडायचं होतं. पण तेवढ्यात तिला वास आला.

इस्पितळाचा नव्हे. फिनेलचा नव्हे, टिंक्चरचा नव्हे. मशीनचं तेल आणि ओला कापूस. गिरणीचा वास. तो वरून येत होता, हळूहळू, खाली बसत. मग कागद उलटल्याचा आवाज झाला. जाड, मोठा कागद, वहीचा असावा. मग पेन्सिल लाकडावर आपटली, दोनदा... आणि खूप उंचावरून, ना चांगला ना वाईट, दिवसभर नावं वाचून कंटाळलेल्या कारकुनाचा असतो तसा एक आवाज आला.

"सीताराम भिकाजी..."

सीताराम समोरच्या खाटेवर होता. पोटात गोळी, दोन दिवस शुद्ध नाही. डॉक्टरांनी त्याची आशा सोडली होती. तो कसला उत्तर देतो. पण राजारामच्या शेजारच्या खाटेवर कुशाबा होता. साताऱ्याकडचा, हसतमुख माणूस. लाठीनं हात मोडला होता, प्लास्टर घातलं होतं, दुसऱ्या दिवशी घरी जायचा होता. तो उताणा पडल्या पडल्या वर बघत सहज म्हणाला, "हजर हाय."

डॉक्टरनं दचकून हनुवटी सोडली. "कोण हजर?"

"काय न्हाई साहेब. सवय." कुशाबा ओशाळून हसला.

ही सवय काय, ते सांगायला हवं. गिरणीत हजेरी होते तेव्हा पहिल्या हाकेला 'हजर' म्हणावं लागतं. उशीर झाला तर खाडा लागतो आणि दारात ताटकळणारा बदली कामगार तुमच्या जागी आत जातो. म्हणून कोणी मुतारीत असेल, कोणी जिन्यात धापा टाकत असेल, तर शेजारचा त्याच्या नावानं 'हजर' ठोकून देतो. उद्या तो आपल्यासाठी देईल. गिरणगावातली दोस्ती याच एका शब्दावर चालते. कुशाबानं बेशुद्ध सीतारामसाठी तेच केलं. जन्मभर केलं होतं, तसंच.

दुसऱ्या दिवशी बकुळा आली तेव्हा कुशाबाच्या खाटेवर नवी चादर होती. त्याची बायको रखमा त्याला न्यायला आली होती, नवऱ्याचे धुतलेले कपडे घेऊन. ते कपडे मांडीवर ठेवून ती भिंतीला टेकून बसली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होती, "अवो, हात मोडल्यानं मरतंय व्हय माणूस?" डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं. झोपेत. होतं कधी कधी.

आणि समोरच्या खाटेवर सीताराम उशीला टेकून बसला होता आणि बशीतून चहा पीत होता.

वॉर्डात अंबिका नावाची एक वयस्क आया होती, अनवाणी, टाचांना भेगा. तिच्या भेगा दिसल्या तसं बकुळानं तिचा पदर धरला आणि तिला खांबाआड नेलं.

"काल तुम्ही ऐकलंत? वरून?"

अंबिकानं आधी आजूबाजूला बघितलं. "मला नाही ऐकू येत," ती हलक्या आवाजात म्हणाली. "आम्हा उभ्या माणसांना नाही येत. जे पडलेत, वर बघत... त्यांनाच. सोळा वर्षं बघत्ये. दुपारी साडेतीनला, दुसऱ्या पाळीचा भोंगा व्हायचा त्या टायमाला. माणूस वर बघतो, कोणाला तरी ओ देतो... आणि सकाळी मला चादर बदलावी लागते."

"मग मला कसं ऐकू आलं?"

"तुम्ही सांगा, बाई. तुमचं आधीपासून लक्ष वरच होतं म्हणायचं."

"सांगितलं नाय कोणाला?"

"सांगितलं की. हसले."

हसले. बकुळाला त्या तीन अक्षरांनी जेवढा संताप आला तेवढी त्या आवाजाची भीतीही वाटली नव्हती. म्हणजे जन्मभर आपण खुळ्या ठरलो, नखरेल ठरलो, आणि वर खरंच कोणीतरी बसलं होतं.

"सगळेच जात नाहीत," अंबिका म्हणाली. "गावचा माणूस असला की ओ देत नाही. मागे एक म्हातारा होता, देवगडचा. तीन दिवस हाक आली असावी, तोंड मिटून पडून राहिला. चालत घरी गेला. हे गिरणीवाले आले ना... हे लगेच देतात."

बकुळा कोकणातली. तिला हे शिकवावं लागणार नव्हतं. तिन्हीसांजेला बाहेरून कोणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्या हाकेला द्यायची नाही. तिसऱ्यांदा हाक मारतो तो माणूस, हे तिच्या आईनं तिला दुधाबरोबर पाजलं होतं. राजारामच्या आईनंही त्याला पाजलंच असणार. पण तो पंधरा वर्षं गिरणीत होता आणि त्यातली नऊ बदली म्हणून दारात उभा राहिलेला. नऊ वर्षं रोज सकाळी एकाच हाकेसाठी कान टवकारून. आईचं शिकवणं गिरणीनं त्याच्या अंगातून पहिल्याच महिन्यात काढून टाकलं होतं.

तिनं त्याला त्याच दुपारी सांगितलं, कानाशी तोंड नेऊन. त्याचं अंग तव्यासारखं तापलं होतं. डॉक्टर पाय कापायची भाषा करू लागले होते.

"तुमच्या नावानं कोणी वरून हाक मारली तर बोलू नकात. आयकलंत? तोंड उघडू नकात."

तो तापातच हसला. "ओ नाही दिली तर खाडा लागतो, बकुळा."

"लागू दे."

"नाव कापतात गं..."

"माझी शपथ हा तुमका."

शपथ म्हटल्यावर त्यानं मान हलवली. त्या दुपारी साडेतीनला वर कागद उलटल्याचा आवाज झाला, पण नाव घेतलं गेलं नाही. पेन्सिल एकदा आपटली आणि सगळं थांबलं. बकुळाला ते जास्तच वाईट वाटलं. उद्याचं नाव आजच बघून ठेवल्यासारखं.

तिसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरला गाठलं. याला दुसऱ्या खोलीत हलवा म्हणाली, कोपऱ्यातल्या अडगळीच्या खोलीत टाका, जिन्याखाली टाका, चालेल. का, म्हणून त्यानं विचारलं. हिनं खरं ते सांगितलं. आणि डॉक्टर, तुम्ही ओळखलंत, हसला. म्हणाला, तुमची भीती आता नवऱ्याला लावू नका. मीनाक्षी सिस्टर मात्र हसली नाही. तिचे पांढरे बूट क्षणभर तिथंच थांबले, मग पुढं गेले.

सव्वातीन वाजले. बकुळानं स्टूल खाटेला चिकटवलं आणि छत्री दोघांच्या मधोमध धरली, राजारामचं तोंड तिच्याखाली येईल अशी. एरवी या वेळी गिरण्यांचे भोंगे एकामागून एक वाजायचे. आज बाहेर काही नव्हतं. कर्फ्यूतलं परळ एवढं गप्प होतं की कोणाच्या तरी खाटेखालचं भांडं घरंगळलं तेही शेवटपर्यंत ऐकू आलं.

मग वास आला.

तेल... ओला कापूस... छत्रीच्या कडांवरून तो आत उतरला. वॉर्डातली कुजबुज थांबली. उताण्या माणसांचे डोळे एकेक करून वर गेले; बकुळाला ते दिसत नव्हतं, पण उशांवर मानांची सळसळ ऐकू आली. कागद उलटला. पेन्सिल आपटली. एकदा, दोनदा.

"राजाराम गोविंद परब..."

राजारामचं सगळं अंग ताठ झालं. त्यानं छत्रीखालून मान बाहेर काढायची धडपड केली. बकुळानं तळहात त्याच्या तोंडावर दाबला.

"गप ऱ्हवा," ती कुजबुजली. "ही पयली."

"राजाराम गोविंद परब..."

तो तिच्या हाताला चावला. मुद्दाम नाही, तापात तो पुन्हा दारात उभा होता आणि त्याची पाळी निघून चालली होती. तिच्या बोटातून रक्त आलं. तिनं हात काढला नाही.

तिसऱ्या वेळी आवाज खाली आला होता. पंख्यांच्या खाली. छत्रीच्या बराच जवळ.

"राजाराम... गोविंद... परब..."

तिसरी हाक माणसाची असते. आईनं तसं सांगितलं होतं. बकुळाचा हात क्षणभर सैल पडला, आणि तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की गावच्या भुताला तीनच्या पुढं मोजता येत नाही, पण याच्यापाशी तर वही आहे. तिनं पुन्हा हात दाबला. पेन्सिलीनं काहीतरी खरडलं. मग तोच कंटाळलेला आवाज म्हणाला,

"बदली..."

आणि वॉर्डभर खाटा करकरल्या. एकोणीस माणसं, कोणाच्या पोटाला टाके, कोणाची मान बांधलेली, कोपरांवर उठू लागली. त्यांचा काही इलाज नव्हता. त्या शब्दासाठी त्यांनी उमेदीची वर्षं दारात काढली होती. समोरच्या खाटेवर सीताराम, जो दुसऱ्याच्या जिवावर चहा पीत होता आणि ज्याला हे ठाऊकही नव्हतं, तोंड उघडत होता. बकुळाला वाटलं, देऊ दे. याचं नाहीतरी उसनंच आहे. कोणीही देऊ दे, माझा माणूस वाचला की झालं.

मग तिला रखमा आठवली, मांडीवर धुतलेले कपडे घेऊन बसलेली. आणि बकुळाचं डोकं असं फिरलं की भीती राहायला जागाच उरली नाही. दार लावताना गोळी घालायची. घातली ती घातली, वर डॉक्टरनं हनुवटीला हात घालायचा. आणि हे सगळं सोसून माणूस खाटेवर पडला, तर याची वही पुरी करायला त्यानं पुन्हा हजरही व्हायचं? ती उठून उभी राहिली. मान खालीच होती. वर ती तेव्हाही बघू शकली नाही. फरशीकडे बघतच ती बोलली.

"ए वरच्या. कसली हजेरी घेतोस? गिरणी बंद आहे, ठाऊक नाय तुला? संप आहे."

पेन्सिल थांबली.

नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं ते उखाण्यात. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, बकुळानं ते एरवी कधी उच्चारलं नव्हतं.

"राजाराम कामावर नाय," ती म्हणाली. "सीताराम नाय. हे इथे पडलेत त्यांतला एक माणूस आज कामावर नाय. लाज नाय वाटत, गोळी खाल्लेल्यांची नावं पुकारतोस ती? संप आहे. चल नीघ."

मग खाटेवरून, तिच्या रक्ताळलेल्या बोटांखालून, राजाराम म्हणाला, "संप आहे." सीतारामनं उघडलेलं तोंड तसंच होतं, त्यातूनही तेच आलं. मग तिकडच्या कोपऱ्यातून, मग दाराजवळून. कोणी ओरडलं नाही. एकोणीस-वीस आजारी माणसं हलक्या आवाजात, एकाच्या मागे एक, वर बघून सांगत होती. संप आहे. संप आहे.

वही मिटल्याचा आवाज झाला. त्यानंतर पावलं. छताच्या आतल्या अंगानं, कोणी छताला पाय लावून उलटं चालत असल्यासारखी, जाड तळाच्या बुटांची पावलं दाराकडे गेली. डावा बूट टाचेच्या बाहेरच्या बाजूला झिजलेला होता. बकुळानं ऐकूनच ओळखलं. मग फिनेलचा वास परत आला.

त्या रात्री राजारामचा ताप उतरला. पुढचे आठ दिवस त्या वॉर्डात एकही चादर बदलावी लागली नाही. अंबिकानं हे बकुळाला बोटांवर मोजून सांगितलं. डॉक्टरनं ते नव्या इंजेक्शनच्या नावावर जमा केलं. बकुळाला एकच धास्ती होती, संप मिटायच्या आत माणूस घरी न्यायला हवा. आठव्या दिवशी गिरण्या उघडणार अशी कुणकुण लागली, तेव्हा तिनं सही-अंगठा करून राजारामला उचललं, दिराच्या खांद्यावर टाकलं आणि चाळीत आणलं. निघताना ती प्रत्येक खाटेपाशी थांबली आणि पायांकडे बघत प्रत्येकाला सांगितलं, संप मिटला असं कोणी सांगितलं तरी मानू नका. सगळ्यांनी मान डोलावली असावी. तिनं बघितलं नाही.

त्यांची गिरणी इतरांच्या मागाहून, चार दिवसांनी उघडली. नोटीस लागली होती की पहिल्या दिवशी सगळ्यांनी जातीनं येऊन नाव सांगावं. जो येणार नाही त्याचं नाव कापलं जाईल. राजाराम काठी टेकत निघाला. नको म्हणून बकुळानं जीव आटवला. तो म्हणाला, "बाहेरच्या पटांगणात आहे गं. वर आभाळ आहे. छत कुठंय?" त्याचं बोलणं खरं होतं. ती त्याचा हात धरून गेली.

सकाळचे सात. चारमजली गिरणीसमोर पटांगणात दोन-अडीचशे माणसं उभी. गिरणीच्या दाराला अजून कुलूप होतं. हजेरी पुरी झाली की आत सोडणार, असं पहारेकऱ्यानं सांगितलं. टाइमकीपर टेबल मांडून बसला होता. बकुळानं आधी टेबलाखाली त्याचे बूट बघितले. दोन्ही टाचा सरळ झिजलेल्या, ओळखीच्या. जुनाच माणूस. तिनं श्वास सोडला.

नावं सुरू झाली. सगळे पहिल्या हाकेला ओ देत होते. एकजण चहाला गेला होता, त्याची त्याच्या दोस्तानं दिली आणि लोक हसले. अडीच आठवड्यांनी गिरणगाव पुन्हा आपल्या चालीला लागलं होतं.

"राजाराम गोविंद परब."

राजारामनं तोंड उघडलं.

"हजर."

तो बोलला नव्हता. आवाज वरून आला होता, गिरणीच्या वरच्या मजल्याच्या खिडकीतून. आवाज राजारामचाच होता, शेवटी थोडा ओढलेला, तो ओढायचा तसा. टाइमकीपरनं मान वर न करता खूण केली. लोक पुन्हा हसले. कोणीतरी दोस्तानं दिली, राजारामही हसला, आणि कोण तो बघायला त्यानं वर पाहिलं.

बकुळाला तिकडे बघता येत नव्हतं. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. हसू ओठांवर होतं तसंच राहिलं आणि डोळ्यांतून निघून गेलं. मग त्याचा काठीचा हात हळूहळू वर जाऊ लागला. कोणी आधी आपल्याला हात केला की आपण करतो, तसा. तिनं तो धरून खाली ओढला.

"अवो, कोण आहे वर?"

त्याची नजर वरून हलेना.

"दाराला कुलूप आहे. कोण आहे?"

"बकुळा," तो अगदी हळू म्हणाला, "माझा बदली आत गेलाय. तू बघू नको."

टाइमकीपरनं पान उलटलं. बायकांची नावं सुरू झाली.

"बकुळा राजाराम परब."

तिनं दात घट्ट आवळले. नाव कापलं गेलं तरी चालेल, ओ द्यायची नाही. ही पहिली. तिनं दुसऱ्या हाकेची वाट पाहिली. टाइमकीपरला दुसरी हाक मारावी लागली नाही. वरच्या मजल्यावरून एका बाईनं उत्तर दिलं. आवाज बकुळाचा होता, चिडका, तोडका, फक्त त्यात भीती नावालाही नव्हती.

"हजर," ती म्हणाली, आणि टाइमकीपरनं खूण केली.